तार असो वा नसो

मोंतान्य ब्लांशच्या आमच्या शाळेत एके काळी पोरं खाकी कपड्याला भीत. पोलिसाच्या नव्हे, पोस्टमनच्या. पोस्टमनला मॉरिशसमध्ये सगळेच फाक्तेर म्हणतात, घरात मराठी बोलणारे आम्हीसुद्धा. आमचा फाक्तेर कांप दे मास्कच्या बाजूला राहणारा, आफ्रिकी वंशाचा क्रेओल माणूस होता. उंच, सडपातळ, चाळिशी उलटलेला, आणि बोलायला इतका हळू की माझ्यासारख्या तापट बाईला त्याचं वाक्य संपेपर्यंत धीर निघत नसे. आज मी त्याच्याविषयी लिहायला बसले आहे ते एवढ्यासाठीच, की पुढे आयुष्यात मी पुष्कळ मोठी म्हणवणारी माणसं पाहिली, पण असं नवल मला पुन्हा कोणाचं वाटलं नाही.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेल्यावरची ती दोन-तीन वर्षं. आमच्या भागातले बरेच तरुण इंग्रजांच्या पलटणीत भरती होऊन मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, गेले होते. लढायला नव्हे; खंदक खणायला, जहाजांवरचा माल उतरवायला, कोठारांवर पहारा करायला. सुवेझ कालव्याच्या काठी इंग्रजांच्या छावण्या होत्या आणि तिथल्या लोकांना इंग्रज नको झाले होते. भांडण त्या दोघांचं, आणि मधे आमची ऊस तोडणारी पोरं. माझा भाऊही त्यात होता. आईवडील लवकर गेले, त्यामुळे मला वाढवलं त्यानेच. रोझ हिलला मावशीकडे राहून मी शिकले, मास्तरीण झाले, तेही त्याच्याच हट्टामुळे. तो गेला तेव्हा घरात मागे राहिलो आम्ही तिघी. मी, वहिनी आणि त्याची सात वर्षांची मुलगी. ही माझी भाची माझ्याच वर्गात होती. घरी मला आत्या म्हणायची आणि शाळेच्या फाटकात पाय टाकला की मिस. तिच्या तोंडून कधी चूक झाली नाही, मीच कधीकधी विसरून तिला वर्गात घरच्या नावाने हाक मारायची.

भरतीच्या वेळी प्रत्येकाला घरचा पत्ता विचारला. आमच्या घरांना ना नंबर, ना रस्त्याला नाव. ऊसमळ्यातून जाणाऱ्या पायवाटेला नाव कोण देणार? तेव्हा एकाने शाळेचा पत्ता दिला, त्याचं पाहून दुसऱ्याने, आणि अशी सगळ्यांनी शाळाच आपलं घर म्हणून लिहून टाकली. त्यामुळे मिसरची पत्रं शाळेत यायची, आणि तार यायची वेळ आली तर तीही शाळेतच येणार होती. हे त्या वेळी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पहिली तार आली ती ऊसतोडीच्या दिवसांत. फाक्तेरने फाटकाशी सायकल थांबवून एका मुलीच्या बापाचं नाव सांगितलं आणि घर कुठे म्हणून विचारलं. हातात तारेचा लिफाफा. खिडकीतून पोरांनी पाहिलं. ती मुलगी दप्तर टाकून फाटकातून धावत सुटली, थेट रस्त्यावर, उसाने भरलेल्या लॉरीसमोर. ड्रायव्हरने लॉरी बाजूच्या चरात घातली म्हणून ती वाचली, गुडघे फुटले तेवढेच. ती तशीच रक्त गाळत घरी पोचली आणि एवढंच म्हणाली की बाबाची तार आली. आमच्या बायकांच्या हिशेबी तार म्हणजे मरण. दुसरं काही तारेने कळवतात हे कोणाला ठाऊकच नव्हतं. सासूने हंबरडा फोडला, शेजारणी जमल्या, कोणी चुलीत पाणी ओतलं, कोणी सुनेचे हात धरून उंबऱ्यावर बांगड्या फोडल्या. हेडमास्तर आणि फाक्तेर धापा टाकत पोचले तोवर मंगळसूत्रही तुटलं होतं.

हेडमास्तरांनी लिफाफा फोडून वाचलं. लिहिलं होतं, रजा मिळाली, पुढच्या जहाजाने येतो.

ती सून मनगटावरचं रक्त पुसत बसली होती. ती हसायला लागली, आणि ते हसणं काही केल्या थांबेना. महिन्याभराने नवरा धडधाकट परत आला, तेव्हा म्हाताऱ्या बायकांना पेच पडला की आता हिला म्हणायचं काय. शेवटी देवापुढे पाट मांडून त्याने बायकोला पुन्हा मंगळसूत्र बांधलं, नव्या बांगड्या भरल्या, आणि त्यांच्या तीन पोरांनी आईबापाच्या लग्नात अक्षता टाकल्या. आम्ही सगळे हसून हसून बेजार झालो. पण रात्री वहिनी मला म्हणाली की माझ्या मात्र ते पाहून अंगावर काटा आला. माझ्याही आला होता, मी कबूल केलं नाही एवढंच.

त्यानंतर शाळेतली पोरं बिथरली. खाकी शर्ट दिसला की वर्ग गप्प. एक मुलगा बाकाखाली जाऊन बसायचा. माझी भाची बोलायची नाही, पण तिची पाटीवरची पेन्सिल थांबायची आणि फाक्तेर दिसेनासा होईपर्यंत पुढे सरकायची नाही. ते मी रोज पाहत होते.

हेडमास्तर तमिळ घराण्यातले, वयस्क, दमेकरी. त्यांनी आम्हा चार शिक्षकांना बसवून विचारलं की काय करायचं. मीच सगळ्यांत तावातावाने बोलले. म्हटलं, शाळा सुटून शेवटचं पोर घरी पोचेपर्यंत तार कोणाला द्यायची नाही. कोणाला सांगायचं नाही, चेहऱ्यावर दाखवायचं नाही. मग हेडमास्तर आणि फाक्तेर दोघांनी मिळून त्या घरी जायचं, पोराला तेवढा वेळ दुसरीकडे गुंतवायचं, आणि बांगडीला हात लागण्याआधी तार वाचून दाखवायची. हेडमास्तरांनी हे सगळं वहीत उतरवलं. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं की समजा तार शिक्षकाच्याच घरची असली तर? मी म्हटलं, तोच नियम. त्यांनी एकदा चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तेही लिहिलं.

फाटकाला कडी बसली. शाळेसमोर लॉरी हळू चालवायची असं ड्रायव्हरांना हेडमास्तर स्वतः जाऊन सांगून आले. पण कपड्याची भीती कडीने कशी जाणार? त्यावर त्यांनी जो उपाय काढला तो ऐकून मला हसू आलं. त्यांनी फाक्तेरला विचारलं, तू रोज शाळेत येशील का? तार असो वा नसो, पत्र असो वा नसो. यायचं, थोडं बसायचं, पोरांशी बोलायचं, जायचं.

मला वाटलं तो खांदे उडवील. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग त्याच्या त्या हळू बोलण्यात म्हणाला की वीस वर्षं मी या गावात फिरतोय, कोणी मला पाहून दार लावलं नव्हतं. गावची जवान पोरं मिसरला गेल्यापासून मी गल्लीत वळलो की बायका आत जातात आणि दार लावतात. मी येईन, म्हणाला.

आणि तो आला. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला, चिखलात आला, वादळाचा इशारा लागला होता त्या दिवशीही आला. दुपारी बाराच्या सुमाराला बदामाच्या झाडाला सायकल टेकवायची, पावाचा तुकडा तिथेच खायचा, आणि मग कुठल्या तरी वर्गात शिरून पोरांना पाढे विचारायचे. त्याला स्वतःला बारापुढचे पाढे येत नव्हते हे पोरांनी आठवड्याभरात ओळखलं आणि त्याला तेराचा पाढा शिकवायला घेतला. पहिले काही दिवस तो आला की पोरं त्याच्या पिशवीकडे बघत. मग त्याने पिशवीच उलटी करून दाखवायला सुरुवात केली. महिन्याभराने पिशवीकडे कोणी बघेना. बाकाखाली बसणारा मुलगा त्याची सायकल धरायला धावू लागला.

मी सुरुवातीला नाक मुरडलं. मला वाटायचं, आठ दिवसांचं कौतुक, मग हा येईनासा होईल. पुष्कळ दिवसांनी कळलं की पोस्टातला साहेब अशी वाकडी वाट करू देत नव्हता. फाक्तेरला दुपारी जेवायची जी काय सुट्टी मिळायची, ती तो आमच्या शाळेपर्यंत चढ चढून यायला आणि परत जायला खर्च करत होता. हे त्याने सांगितलं नाही, त्याच्या बायकोने बाजारात वहिनीला सांगितलं. ते ऐकल्यावर मी त्याच्या हळू बोलण्यावर चिडायचं सोडून दिलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरांत कोयत्या-कुदळींची पूजा होते. त्या वर्षी वहिनी आणि आणखी दोघी-तिघी शाळेत आल्या आणि त्यांनी फाक्तेरच्या सायकलला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली. तो देवळात कधी न गेलेला माणूस. त्याला काय करावं सुचेना, म्हणून त्याने छातीवर क्रूस काढला. ती माळ पार सुकून काळी होईपर्यंत त्याने हँडलवरून काढली नाही.

असं जवळजवळ वर्ष गेलं.

ज्या दिवसाविषयी मला सांगायचं आहे तो दिवस अगदी साधा होता. सकाळी पाऊस, मग ऊन. बाराला फाक्तेर आला. सायकल टेकवली, पाव खाल्ला, पिशवी उलटी करून दाखवली. पिशवी रिकामी होती. मग तो हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन आला आणि माझ्या वर्गात शिरला. त्याने माझ्या भाचीला उभं करून साताचा पाढा विचारला. तिने घडाघडा म्हटला. तो म्हणाला, छान, पुन्हा म्हण. तिने पुन्हा म्हटला. तो सगळा वेळ मान हलवत ऐकत होता. मग त्याने टोपी डोक्यावर ठेवली, मला नेहमीसारखं येतो म्हटलं आणि गेला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं. त्यात काही नव्हतं. आज मी कितीही आठवून पाहिलं तरी त्यात मला काही सापडत नाही.

तीन वाजता शाळा सुटली. हेडमास्तर म्हणाले की शाळेच्या वाफ्यांत रोपं लावायची आहेत, तीन-चार पोरं थांबू देत, तुझी भाचीही राहू दे, माझी बायको तिला सोडील. मी बरं म्हटलं. नियम मीच सांगितलेला, त्यातला शब्दन् शब्द मला पाठ, आणि तरी माझ्या मनात काही आलं नाही. मी वाटेत भाजी घेत घरी गेले.

वहिनी नुकतीच मळ्यातून आली होती, दारात पाय धूत होती. मी भाजी ठेवली आणि मागे पाहिलं तर पायवाटेने ते दोघे येत होते. पुढे हेडमास्तर, मागे फाक्तेर. सायकल नव्हती. वहिनीने तांब्या खाली ठेवला. तिने पदर सारखा केला आणि ती उंबऱ्यावर बसली.

फाक्तेरने शर्टाच्या आतल्या खिशातून लिफाफा काढून तिच्या हातात दिला, कारण नाव तिचं होतं. तिने तो तसाच हेडमास्तरांना दिला. त्यांनी इंग्रजीत मनातल्या मनात वाचला, मग आम्हा सगळ्यांना येणाऱ्या क्रेओल बोलीत सांगितला. छावणीबाहेर मालाच्या गाडीवर गोळ्या झाडल्या होत्या. गाडीत माझा भाऊ होता. त्याला तिथेच पुरलंही होतं.

मी काय केलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी रडले नाही. मी फाक्तेरच्या अंगावर धावून गेले. बारा वाजल्यापासून हे तुझ्या खिशात होतं, मी ओरडले. खिशात ठेवून तू पाव खाल्लास, माझ्यासमोर उभा राहिलास, तिला पाढे म्हणायला लावलेस. तुला काही वाटलं कसं नाही? मी आणखीही पुष्कळ बोलले. हेडमास्तर मला धरू पाहत होते. फाक्तेर मात्र हात खाली सोडून उभा राहिला आणि त्याने सगळं ऐकून घेतलं. हा नियम तूच केलास, एवढं त्याला म्हणता आलं असतं. तो म्हणाला नाही.

बोलली वहिनी. उंबऱ्यावरून न उठता, आवाज न चढवता.

"त्याच्यावर ओरडू नको, बाय. तीन तास पोरीचा बाप जिता व्हता. ते तीन तास ह्या मानसानं तिला दिले."

मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले आणि मग मला रडू फुटलं. ज्या बाईचं कुंकू त्या क्षणी गेलं होतं, तिला त्या क्षणी हे दिसलं होतं. दोन यत्ता शिकलेली, जन्मभर उसात वाकलेली माझी वहिनी. मी तिला घरात साधीभोळी समजत होते, कधीकधी तिच्या इंग्रजीवर हसतही होते. त्या संध्याकाळी मला तिच्याकडे मान वर करून बघायचा धीर होईना.

शेजारच्या म्हाताऱ्या आल्याच. एक जण तिचा हात धरायला पुढे झाली. वहिनीने हात मागे घेतला आणि सांगितलं की पोर येईल, जेवेल, मग मी तिला सांगेन. तिला सांगून झाल्यावर माझ्या बांगड्यांचं काय करायचं ते करा. आणि त्या सगळ्या जणी, ज्यांनी दुसऱ्या घरी तार वाचायच्या आत बांगड्या फोडल्या होत्या, त्या तोंडाला पदर लावून मागच्या परड्यात जाऊन बसल्या.

भाची मातीने हात भरवून धावत आली. दारात फाक्तेर बसलेला पाहून ती खूश झाली. आईला म्हणाली की आज यानं मला साताचा पाढा दोनदा म्हणायला लावला, मी एकदाही चुकले नाही. फाक्तेर जमिनीकडे पाहत होता. तो पाढा दोनदा का, ते मला तेव्हा कळलं. त्यालाही वेळ लांबवायचा होता. तिच्यासाठी की स्वतःसाठी, ते त्याचं त्याला ठाऊक.

ती जेवली. भात, डाळ, आणि मी आणलेली भाजी. मग वहिनीने तिला मांडीवर घेऊन सांगितलं. काय शब्दांत सांगितलं ते मी लिहिणार नाही, ते त्या दोघींचं आहे.

चौथ्या दिवशी वहिनीने भाचीची वेणी घातली आणि दप्तर तिच्या हातात दिलं. सुतकात पोर शाळेत पाठवतात का, म्हणून आळीत कुजबुज झाली. वहिनी म्हणाली की घरात रडणं हाय, तिकडं पोरं हायत. मलाही तिने तिच्याबरोबर पाठवलं. मी वर्गात उभी राहून काय शिकवलं ते मला आठवत नाही. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. वर्षभर आम्ही सगळ्यांनी जी मेहनत घेतली, ती आता या एका पोरीपुढे टिकते की नाही, एवढाच प्रश्न होता. तिच्या बापाचं मरण त्याच खाकी खिशातून आलं होतं, आणि हे तिला एव्हाना कोणीतरी सांगितलंही होतं.

बारा वाजले. फाक्तेर आला, पण आत आला नाही. फाटकाबाहेर सायकल धरून उभा राहिला. हेडमास्तरांनी हाताने बोलावलं तर त्याने मान हलवून नको म्हटलं. माझा वर्ग गप्प झाला. सगळी पोरं भाचीकडे बघायला लागली. तिची पेन्सिल थांबली.

ती उठली. मला विचारलं नाही, आणि मीही अडवलं नाही. अंगण ओलांडून ती फाटकाशी गेली. कडीला तिचा हात पोचेना. हेडमास्तर धावत गेले आणि त्यांनी ती काढली. मी वर्ग सोडून व्हरांड्यात आले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"तोंतों, मी न्हाय भीत तुला," ती म्हणाली. "आत ये."

तोंतों म्हणजे काका. फाक्तेरने टोपी काढली. तीन तास ती तार खिशात घेऊन ज्याचा हात हलला नव्हता, त्याला त्या दिवशी सायकल काही केल्या झाडाला टेकवता येईना. शेवटी ती त्याच्या हातून हेडमास्तरांनी घेतली, आणि भाचीने त्याचं बोट धरून त्याला वर्गात आणलं.